प्रोग्राममधून डिजिटल सही केलेला ईमेल पाठवताना: सही तुटू नये म्हणून कोणत्या क्रमाने काय करायचं

प्रोग्राम चालतो, मेल जातो, लॉगमध्ये एकही एरर नसते. आणि दुपारी फोन येतो, ‘तुमचा मेल आला, पण वर लाल पट्टी आहे, सही अवैध म्हणतंय, उघडू का नको?’ सही नसलेला मेल लोक बिनदिक्कत उघडतात, तुटलेल्या सहीचा मेल मात्र संशयाने बघतात. म्हणजे अर्धवट केलेलं हे काम न केल्यापेक्षा जास्त नुकसान करतं. म्हणून हा लेख.

उदाहरण एकच धरू: एका पतसंस्थेचा प्रोग्राम दर महिन्याला सभासदांना ठेवीची मुदत संपत आल्याची सूचना मराठीत पाठवतो, सोबत एक पीडीएफ असते. पद्धत एसमाइमची, म्हणजे ईमेलवर डिजिटल सही करण्याची ठरलेली पद्धत. भाषा पायथन, त्यातली ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररी, आणि पडताळणीला ओपनएसएसएल. तुम्ही जावा किंवा डॉटनेटमध्ये काम करत असाल तर फंक्शनांची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

## कामाला लागण्याआधी दोन गैरसमज

पीडीएफवरची सही म्हणजे ईमेलवरची सही नव्हे. जोडलेल्या पीडीएफमध्ये हिरवी खूण दिसते म्हणून मेलचा मजकूरही सही केलेला ठरत नाही. मजकुरात कुणी खातेक्रमांक बदलला तरी पीडीएफ तशीच हिरवी राहील.

डीकेआयएम ही मेल सर्व्हरची सहीही वेगळी. ती सही मेल सर्व्हर डोमेनच्या नावाने करतो. त्या डोमेनने मेलची जबाबदारी घेतली आणि सही केलेला भाग वाटेत बदललेला नाही, एवढंच ती सांगते. कुणाच्या नावाने, कुणाच्या प्रायव्हेट कीने (फक्त सही करणाऱ्याकडे असणाऱ्या गुप्त किल्लीने) सही झाली, हे एसमाइम सांगतं. दोन्ही असावीत, पण एक आहे म्हणून दुसरं सोडू नका.

आणि एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच येतात: सही मजकुरावर नसते, बाइटांवर असते. डोळ्यांना दोन मेल अगदी सारखे दिसतील, पण एका ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्त असली तरी सही तुटते.

## पायरी १: सर्टिफिकेट हातात घेऊन नीट वाचा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात. जीएसटी किंवा आयकराच्या कामासाठी घेतलेला डीएससीचा, म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटचा, यूएसबी टोकन टेबलावर असतो, तोच लावून कोड लिहायला बसतात. तो चालेलच असं नाही. सर्टिफिकेट उघडून चार गोष्टी बघा.

पहिली, त्यात ईमेल पत्ता आहे का, आणि तो मेलच्या फ्रॉम पत्त्याशी अक्षरन् अक्षर जुळतो का. पत्ता ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या रकान्यात असायला हवा. डीएससी बऱ्याचदा अध्यक्षांच्या किंवा भागीदाराच्या वैयक्तिक पत्त्यावर काढलेली असते आणि मेल जातो संस्थेच्या पत्त्यावरून. अशा वेळी सही गणिताने बरोबर असूनही मेल प्रोग्राम ‘पाठवणारा आणि सही करणारा वेगळा’ असा इशारा देतात.

दुसरी, ‘एक्स्टेंडेड की युसेज’मध्ये ‘ईमेल प्रोटेक्शन’ आहे का. वेबसाइटसाठी घेतलेलं सर्टिफिकेट इथे चालत नाही.

तिसरी, मुदत. चौथी, वरची साखळी, म्हणजे तुमच्या सर्टिफिकेटपासून रूटपर्यंतची (सगळ्यात वरच्या, मुळात विश्वासू धरलेल्या सर्टिफिकेटपर्यंतची) मधली सर्टिफिकेटं तुमच्याकडे आहेत का.

कोणतं सर्टिफिकेट घ्यायचं, याचा निर्णयही इथेच करावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे सहीला वजन हवं असेल, तर सीसीएचा, म्हणजे कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीजचा, परवाना असलेल्या संस्थेकडूनच ते घ्या. (क्लास २ देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद झालं, आता क्लास ३ मिळतं.) पण मेल घेणाऱ्याचा प्रोग्राम कोणत्या रूटवर विश्वास ठेवतो, हा वेगळाच प्रश्न आहे. विंडोजवरचं आउटलुक विंडोजची यादी बघतं, थंडरबर्ड स्वतःची यादी बाळगतं. कायद्याने चोख असलेली सही एखाद्याच्या संगणकावर ‘अनोळखी’ ठरू शकते. माझं मत असं: कायदेशीर नोटीस असेल तर सीसीएच्या परवान्याला प्राधान्य द्या. शेकडो सभासदांना नेहमीच्या सूचना जाणार असतील, तर मेल प्रोग्राम मुळात ओळखतात असं ईमेल सर्टिफिकेट घ्या. कुठलंही घ्या, आधी दोन वेगवेगळ्या प्रोग्रामांत ओळखलं जातंय का ते बघा.

तपासा: फ्रॉम पत्ता आणि सर्टिफिकेटमधला पत्ता एका खाली एक लिहून ताडून पाहा. ‘इन्फो’ आणि ‘ऑफिस’ची अदलाबदल इथेच सापडते.

## पायरी २: प्रायव्हेट की प्रोग्रामपर्यंत पोचवा

की फाईलमध्ये असेल, म्हणजे पीएफएक्स किंवा पी१२, तर काम सोपं आहे. पासवर्ड देऊन ती उघडली की तीन वस्तू हातात येतात: की, सर्टिफिकेट आणि मधली साखळी. तिन्ही ठेवा. साखळी टाकून देणं ही फार नेहमीची चूक आहे, तिचे परिणाम पायरी ४ मध्ये दिसतील.

जुनी पीएफएक्स फाईल ओपनएसएसएल ३ मध्ये उघडत नसेल तर लगेच पासवर्ड चुकला असं समजू नका. जुन्या फाईलींना आरसी२ नावाचं कमकुवत कुलूप असतं आणि नवी आवृत्ती ते आपणहून उघडत नाही. ‘लेगसी’ पर्याय देऊन एकदा उघडा, आणि एईएस-२५६ वापरून नवी फाईल बनवून घ्या. जुनी नष्ट करा.

की यूएसबी टोकनमध्ये असेल तर ती बाहेर काढता येत नाही, टोकन त्यासाठीच असतो. पायथनच्या या लायब्ररीला की स्वतःच्या हातात लागते, त्यामुळे टोकनसाठी रस्ता बदलावा लागतो: पीकेसीएस-११ (टोकनशी बोलण्याची ठरलेली पद्धत) मार्गे ओपनएसएसएल, किंवा विंडोजवर डॉटनेटचा ‘साइन्डसीएमएस’ वर्ग, जो विंडोजच्या सर्टिफिकेट साठ्यातून टोकनशी बोलतो.

सावधान: टोकनचा पिन लागोपाठ काही वेळा चुकला की टोकन लॉक होतो. ‘अयशस्वी झालं तर पुन्हा प्रयत्न कर’ असा लूप पिन देण्याच्या ओळीभोवती कधीही लावू नका. चुकीचा पिन असेल तर प्रोग्राम काही सेकंदांत टोकन बंद पाडेल, आणि त्या टोकनावर जीएसटीचं रिटर्नही अडकलेलं असू शकतं.

पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या. पीएफएक्स फाईल गिटमध्ये टाकू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ज्याच्या हाती ती फाईल आणि पासवर्ड, तो तुमच्या नावाने सही करू शकतो.

## पायरी ३: आतला भाग बनवा, पूर्ण बनवा, मग हात काढा

चुका सर्वात जास्त इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

सही केलेल्या मेलची रचना अशी असते: बाहेर एक मोठं पाकीट, ‘मल्टिपार्ट साइन्ड’ नावाचं. त्यात दोनच भाग. पहिला तुमचा मजकूर, त्याच्या जोडपत्रांसकट. दुसरा सहीची छोटी फाईल, ‘एसमाइम डॉट पी७एस’. सही पहिल्या भागावर असते, आणि ‘पहिला भाग’ म्हणजे नुसता मजकूर नव्हे. त्या भागाची स्वतःची हेडरं, म्हणजे मजकुराचा प्रकार, कॅरेक्टर सेट आणि एन्कोडिंग, हेही सहीखाली येतात.

म्हणून क्रम असा:

१. पायथनच्या ‘माइमपार्ट’ वर्गाने आतला भाग बनवा. ‘ईमेलमेसेज’ वर्ग नको, कारण तो आतही ‘माइम व्हर्जन’ हेडर घालतो आणि ते तिथे नको असतं.

२. मजकूर यूटीएफ-८ मध्ये भरा आणि एन्कोडिंग बेस६४ ठेवा, म्हणजे सगळे बाइट साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत लिहिले जातील.

३. पीडीएफ जोडायची तर आत्ताच जोडा. सही झाल्यावर जोडलेली फाईल एकतर सहीबाहेर राहते, नाहीतर रचनाच मोडते.

४. एसएमटीपी (मेल पाठवण्याचा प्रोटोकॉल) पॉलिसी देऊन सगळं बाइटांमध्ये उतरवा, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ ही ओळ संपल्याची दोन न दिसणाऱ्या चिन्हांची जोडी येईल.

५. हे बाइट एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि पुन्हा त्यांना हात लावू नका.

बेस६४च का? मराठीसाठी हिशोब करून बघा. ‘नमस्कार’ लिहायला युनिकोडची सात चिन्हं लागतात: न, म, स, हलन्त, क, काना, र. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे २१. क्वोटेड-प्रिंटेबल हे दुसरं एन्कोडिंग केलं तर प्रत्येक बाइटाची तीन अक्षरं होतात, एकूण ६३. बेस६४ मध्ये तेच २८ अक्षरांत बसतं. जागेपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे बेस६४ मध्ये ओळीच्या शेवटी स्पेस उरत नाही, आणि ओळी ७६ अक्षरांच्या आत राहतात. वाटेतल्या सर्व्हरला काही ‘नीट करावं’ असं वाटण्याची संधीच मिळत नाही. एन्कोडिंग न करता कच्चे आठ-बिट बाइट सोडले तर वाटेतला एखादा सर्व्हर ते आपल्या सोयीने बदलतो आणि सही तिथेच संपते.

सावधान: ओपनएसएसएलमध्ये आणि या लायब्ररीतही ‘टेक्स्ट’ नावाचा एक पर्याय आहे. तो साध्या मजकुराचं हेडर आपोआप लावतो, म्हणून सोयीचा वाटतो. पण त्या हेडरमध्ये कॅरेक्टर सेट नसतो. इंग्रजी मेल ठीक दिसेल, मराठी मेलची जागोजागी कचराकुंडी होईल, आणि सही मात्र ‘वैध’ दाखवेल! मराठीसाठी हा पर्याय वापरू नका, हेडर स्वतः लिहा.

याच्या उलट चूकही होते: हेडर न लावता नुसता मजकूर सहीला देणं. मग मेल प्रोग्राम पत्राची पहिली ओळ हेडर समजून गिळतो, आणि सभासदाला ‘सप्रेम नमस्कार’ गायब झालेलं पत्र मिळतं.

मजकुरात काय लिहायचं, तेही सांगतो, कारण ते सहीशी जोडलेलं आहे. विषय, तारीख, ‘प्रति’ ही बाहेरच्या पाकिटावरची हेडरं सहीखाली येत नाहीत. कुणीही तुमचा सही केलेला भाग जसाच्या तसा उचलून नव्या विषयाने तिसऱ्याच माणसाला पाठवला, तरी सही वैध दिसेल. म्हणून सभासदाचं नाव, पत्राची तारीख, ठेव पावतीचा क्रमांक आणि विषय हे सगळं मजकुरातही लिहा. कागदी पत्राची जुनी पद्धत इथे अगदी योग्य आहे.

तपासा: बाइट एका फाईलमध्ये लिहा आणि ओळशेवट दाखवणाऱ्या एडिटरमध्ये उघडा. पहिल्या ओळी हेडरच्या, मग एक रिकामी ओळ, मग बेस६४. एकही सुटा एलएफ दिसता कामा नये.

## पायरी ४: सही करा

आता हे बाइट ‘पीकेसीएस७ सिग्नेचर बिल्डर’ला द्या. सही करणारा म्हणून सर्टिफिकेट, की आणि एसएचए-२५६ (मजकुराचा ठसा काढण्याची पद्धत) द्या. मधली सर्टिफिकेटं ‘ॲड सर्टिफिकेट’ने एकेक करून घाला. एन्कोडिंग ‘एसमाइम’, आणि पर्यायांत ‘डिटॅच्ड सिग्नेचर’, म्हणजे मजकुरापासून वेगळी ठेवलेली सही.

मधली सर्टिफिकेटं राहिली तर काय होतं? तुमच्या संगणकावर सगळं हिरवं दिसतं, कारण ती तुमच्याकडे आधीच बसवलेली असतात. सभासदाकडे ती नसतात आणि साखळी अर्ध्यात तुटते. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या तक्रारीचं हे पहिलं कारण. रूट मात्र घालायची गरज नाही, ते घेणाऱ्याच्या विश्वासाच्या यादीत असावं लागतं, तुम्ही पाठवून उपयोग नाही.

डिटॅच्डच का, असं कुणी विचारेल. दुसऱ्या प्रकारात मजकूर आणि सही एकाच बंद गठ्ठ्यात जातात. तो वाटेत मोडत नाही हे खरं, पण एसमाइम न कळणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये सभासदाला मजकूर दिसतच नाही, नुसती एक न उघडणारी फाईल दिसते. लोकांनी पत्र वाचावं म्हणून आपण पाठवतो. तेव्हा डिटॅच्ड.

सही करण्याआधी संगणकाचं घड्याळ बघा. सहीत वेळ नोंदली जाते. सर्व्हरचं घड्याळ किंवा टाइमझोन चुकला असेल तर मेल आत्ताचा आणि सही साडेपाच तास पुढची, असा विचित्र मामला होतो.

## पायरी ५: बाहेरची हेडरं जोडा

इथे एक मोह होतो: सही झालेला मेल पुन्हा पार्स करायचा, त्यात विषय आणि पत्ते घालायचे, परत बाइट बनवायचे. करू नका. पार्स करून पुन्हा लिहिताना एखादी हेडरची ओळ वेगळ्या जागी दुमडली गेली की संपलं. लिफाफ्याला लाख लावून मोहर उठवली, की आतली चिठ्ठी बाहेर काढून सारखी करायची नसते.

त्याऐवजी फ्रॉम, टू, विषय, तारीख आणि मेसेज-आयडी ही हेडरं वेगळी बनवा, बाइटांत उतरवा, आणि सहीच्या फंक्शनने दिलेल्या बाइटांच्या पुढे चिकटवा. दोन गोष्टी सांभाळा. दोहोंच्या मध्ये रिकामी ओळ येऊ देऊ नका, रिकामी ओळ म्हणजे ‘हेडरं संपली’. आणि ‘माइम व्हर्जन’ पुन्हा लिहू नका, ते सहीच्या फंक्शनने आधीच लिहिलेलं असतं.

मराठी विषय कच्चा लिहू नका, पायथनच्या ‘हेडर’ वर्गाकडून एन्कोड करून घ्या. बीसीसी हेडरमध्ये लिहूच नका. आपण पुढे जी पाठवण्याची पद्धत वापरणार आहोत ती ते काढून टाकत नाही, आणि गुप्त पत्ते सगळ्यांना दिसतील.

## पायरी ६: पाठवण्याआधी स्वतः पडताळा

तयार मेल एका फाईलमध्ये लिहा आणि ओपनएसएसएलच्या ‘सीएमएस’ कमांडला ‘व्हेरिफाय’ सांगून द्या, सोबत रूट सर्टिफिकेटची फाईल. अडलं तर हीच कमांड ‘नोव्हेरिफाय’ पर्यायासह पुन्हा चालवा. या पर्यायाने सर्टिफिकेटची साखळी तपासली जात नाही, फक्त मजकूर आणि सही जुळते का ते बघितलं जातं. दोन निकाल शेजारी ठेवले की रोगाचं निदान होतं:

- पहिल्यात नापास, दुसऱ्यात पास: मजकूर ठीक आहे, गडबड साखळीत, मुदतीत किंवा सर्टिफिकेटच्या उपयोगात आहे. पायरी १ आणि ४ बघा.
- दोन्हीत नापास: बाइट बदललेत. पायरी ३ किंवा ५ मध्ये कुठेतरी हात लागलाय.

सावधान: ‘नोव्हेरिफाय’ने पास झाला म्हणून काम झालं, असं धरू नका. तो पर्याय निदानासाठी आहे.

## पायरी ७: पाठवा, पण बाइट म्हणून

एसएमटीपीला ५८७ पोर्टवर जोडणी करून ‘स्टार्ट टीएलएस’ करा, किंवा ४६५ वर थेट टीएलएस. मग ‘सेंडमेल’ फंक्शनला तयार बाइट द्या. ‘सेंड मेसेज’ फंक्शन वापरू नका, ते मेल पुन्हा रचून पाठवतं.

बाइट दिले की पायथन ओळशेवट बदलत नाही, हे चांगलं आहे आणि धोक्याचंही. आत कुठे सुटा एलएफ राहिला असेल तर तो तसाच जाईल. म्हणून पाठवण्याआधी एकदा सगळे ओळशेवट एकसारखे करा: आधी जोड्यांचे सुटे एलएफ, मग सगळ्या एलएफच्या जोड्या. याने सही तुटत नाही, कारण ती जोडीच्याच रूपावर मोजलेली असते.

आता माझी एक आठवण, कारण ती प्रत्येकाच्या वाट्याला येते. एका संस्थेसाठी केलेल्या पहिल्या खेपेत मी ३८ मेल पाठवले. घरच्या घरी सगळे पडताळून पास होते. पोचले ते सगळे तुटलेले. दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधत होतो. शेवटी पोचलेला मेल आणि माझ्याकडची प्रत ओळीओळीने ताडली, तेव्हा तळाशी चार ओळी जास्त सापडल्या: ‘हा ईमेल गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास…’ बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलला तो मजकूर सर्व्हर आपोआप चिकटवत होता. कोड पहिल्यापासून बरोबर होता.

त्यामुळे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला आधीच विचारा: बाहेर जाणाऱ्या मेलला तळटीप, इशारा किंवा अँटिव्हायरसची ओळ जोडली जाते का? जात असेल तर सही केलेल्या मेलना त्यातून वगळायला सांगा. तळटीप हवीच असेल, तर ती पायरी ३ मध्ये तुमच्या मजकुरातच लिहा.

आणि पाठवलेल्या प्रत्येक मेलचे नेमके बाइट जपून ठेवा. त्या प्रती नसत्या तर त्या चार ओळी मला सापडल्या नसत्या.

## पायरी ८: पोचल्यावर बघा

पहिली खेप सभासदांना नको. तीन पत्त्यांवर पाठवा: थंडरबर्डमध्ये उघडणारा एक, आउटलुकमध्ये उघडणारा एक, आणि एक साधा जीमेलचा. तिसरा यासाठी, की वैयक्तिक जीमेल एसमाइमची सही पडताळून दाखवत नाही, तिथे पी७एस फाईल नुसती जोडपत्र म्हणून दिसते. तुमचे बहुतेक सभासद हेच बघणार आहेत. ‘ही कसली फाईल, व्हायरस आहे का?’ असे फोन येतात. मजकुराच्या शेवटी एक ओळ घाला: ‘सोबतची पी७एस फाईल ही संस्थेची डिजिटल सही आहे, ती उघडावी लागत नाही.’

प्रत्येक ठिकाणी मेल मूळ स्वरूपात उतरवून घ्या आणि पायरी ६ची पडताळणी त्याच्यावर पुन्हा करा. घरी पास आणि पोचल्यावर नापास, म्हणजे वाटेत कुणीतरी बदल केलाय. जपलेल्या प्रतीशी ताडा, फरक दिसेल.

## दर महिन्याच्या खेपेआधी

प्रोग्रामच्या सुरुवातीलाच सर्टिफिकेटची मुदत तपासणारा कोड ठेवा. ३० दिवसांपेक्षा कमी उरले तर इशारा, संपली असेल तर एकही मेल न पाठवता थांबायचं. ‘सही जमली नाही तर बिनसहीचा पाठव’ अशी पळवाट कोडमध्ये ठेवू नका. सभासदांना सहीची सवय लावल्यावर त्यातला एक मेल बिनसहीचा गेला, तर खरा कोणता आणि खोटा कोणता, हे त्यांनी कशावरून ओळखायचं?

नवं सर्टिफिकेट आलं की पायरी १ पासून पुन्हा चाला. पत्ता बदललेला असू शकतो, मधलं सर्टिफिकेट बदललेलं असू शकतं, आणि मागच्या वर्षीची साखळी नव्या सर्टिफिकेटला जुळेलच असं नाही.